मुधोळकरांचं पथ्य

धारवाडात संध्याकाळी पाय आपोआप चुरमुऱ्यांच्या गिरमिटाच्या गाड्याकडे वळतात. त्यात पायांचा दोष नाही. वाऱ्यावर मिरची भज्यांचा वासच असा येतो. माझे पाय मात्र डॉक्टरांनी बांधून ठेवलेले. रक्तदाब वाढल्यापासून दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम चहाचा एक सपाट चमचा मीठ, अशी चिठ्ठी त्यांनी लिहून दिली आहे. ती खिशात नीट घडी करून ठेवतो आणि गाड्यावर जातो. या गुन्ह्याला साक्षीदार एकच : मुधोळकर.

मुधोळकर हा माळमड्डीतला कुत्रा. आमच्या भागात बरगड्या मोजता येणारा कुठलाही कुत्रा मुधोळचं खानदान सांगू शकतो. मुधोळच्या घोरपडे राजांनी मुधोळ कुत्र्यांची जोडी थेट पंचम जॉर्ज बादशहाला नजर केली होती आणि २००५ साली या जातीवर टपालाचं तिकीटही निघालं. आमच्या मुधोळकरांच्या वाट्याला तिकीट आलं नाही, पण बसण्याची ऐट दरबारी. माझ्या घासाबरोबर त्याची मान वर जाते, खाली येते. साक्षीदाराचं तोंड बंद करायला लाच द्यावी लागते, म्हणून मी रोज मूठभर गिरमिट खाली टाकत असे.

एकदा शेजारच्या बाकावरचे गृहस्थ म्हणाले, "अहो, त्याला देऊ नका." ते जनावरांचे डॉक्टर निघाले. हातात त्यांच्याही गिरमिटच होतं.

"नुसती चुरमुरी तर आहे की हो!"

"चुरमुरीचं काही नाही. आत कांदा आहे ना."

मग कळलं, की ज्या कांद्यावाचून गिरमिट गिरमिट होत नाही, तोच कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. परतलेला असला तरी. लसूणही त्याच भावकीतला. दिवाळीच्या चिवड्यात आपण कौतुकानं घालतो ते बेदाणे तर मूत्रपिंडावर घाला घालू शकतात. आणि मीठ? चिमटीनं बिघडत नाही, त्याला नुसती तहान लागते. पण खारे शेंगदाणे, शेव, फरसाण असं पोटभर गेलं, तर उलट्या, थरथर, झटके इथपर्यंत पाळी येते. डॉक्टर म्हणाले, "आपण अंगभर घामानं मीठ गाळतो, तो घाम गाळतो तळपायांनी. त्याच्या पूर्वजांना मांसातच मीठ मिळायचं. आपल्यासारखी मिठाची ओढ त्याच्या जिभेला नाही."

"मग एवढा टक लावून बघतो कशाला?"

"तेलाच्या वासासाठी. आणि तुम्ही खाताय म्हणून."

हे शेवटचं वाक्य मला गिरमिटातल्या हिरव्या मिरचीसारखं उशिरा लागलं. म्हणजे इतके दिवस त्याला माझी सोबत हवी होती आणि मी त्याला कांदा देत होतो. प्रेमात माणूस समोरच्याला पचतं ते देत नाही, आपल्याला आवडतं ते देतो. माझ्या आत्येनं सगळ्या भाचरांना याच न्यायानं लाडू चारले.

मुधोळकरला कन्नडच कळतं. 'बा' म्हटलं की येतो, 'होग' म्हटलं की दोन पावलं जाऊन पुन्हा बसतो. 'साक', म्हणजे 'पुरे', हा शब्द मात्र त्याच्या कानापर्यंत पोचत नाही. हे सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी माझ्या रिकाम्या पुड्याकडे बघितलं. मला मराठी, कन्नड दोन्ही येतात, तरी माझी प्रगती काही वेगळी नव्हती.

आता संध्याकाळी घरून निघताना ही जोंधळ्याच्या भाकरीचा चतकोर कागदात बांधून देते. पिठात मीठ घालायची आमच्यात रीतच नाही. अर्धा तुकडा मुधोळकरचा. गाडा चार हातांवर असतो, भजी तळल्याचा आवाज येत असतो, आणि आम्ही दोघं शेजारी बसून तिकडे बघत भाकरी चावतो. तो शेपटी हलवतो. मला तेवढी सोय नाही.