गैरहजर

मोठ्या महाविद्यालयातून बाहेर पडलेला मनुष्य महाविद्यालयाचे नाव सांगून थांबतो. लहान महाविद्यालयातून बाहेर पडलेल्याची खरी सुरुवात नाव सांगितल्यावर होते. फर्ग्युसनचा माजी विद्यार्थी ‘फर्ग्युसन’ एवढेच उच्चारतो आणि पुढचे सर्व ऐकणारा आपण होऊन गृहीत धरतो. परंतु विलिंग्डनच्या माजी विद्यार्थ्यास, ते सांगलीत येते की मिरजेत, विश्रामबाग ही बाग आहे की गाव, आणि ज्याचे नाव दिले तो विलिंग्डनसाहेब मुंबईचा गव्हर्नर होता की दिल्लीचा व्हाइसरॉय (तो क्रमाने दोन्ही झाला), इतक्या पृच्छांचे निरसन केल्यावाचून गत्यंतर नसते. आणि उत्तरे देण्याची एकदा सवय जडली म्हणजे न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरे देता येऊ लागतात.

माझ्या परिचयाच्या अशा एका गृहस्थांना मी या लेखापुरते ‘माजी’ म्हणणार आहे. वास्तविक ते मुलकी खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. परंतु त्या तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीबद्दल त्यांच्या तोंडून मी तीस-बत्तीस वाक्येही ऐकलेली नाहीत. बदल्या झाल्या, बढती मिळाली, एका मामलेदाराशी पटले नाही, की झाले. उलट १९४६ च्या जूनमध्ये ट्रंक आणि वळकटी घेऊन ते विश्रामबागेत टांग्यातून उतरले त्या सकाळचे आख्यान, टांगेवाल्याने आणा जास्त मागितला येथपासून, दीड तास चालते.

‘आमच्या वेळी’ हे शब्द माजींच्या तोंडी अगदीच निराधार नाहीत, हे मात्र न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ साली काढलेले हे महाविद्यालय आपल्या जागी स्वस्थ उभे असताना त्याच्याभोवतीचे जग मात्र सारखे बिऱ्हाड बदलत होते. माजी प्रवेश घेते झाले तेव्हा सांगली हे पटवर्धनांचे संस्थान होते. १९४८ च्या मार्चात ते मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढच्या वर्षी दक्षिण सातारा नावाचा नवा जिल्हा निघाला, त्यालाच १९६० मध्ये सांगली जिल्हा म्हणू लागले. माजींची इंटरची परीक्षा मुंबई विद्यापीठाने घेतली, ते बी.ए.ला पोहोचेपर्यंत पुणे विद्यापीठ स्थापन झाले होते, आणि हल्ली तेथे शिकणारा मुलगा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा असतो. एकाच बाकावर बसून राजा, जिल्हा आणि विद्यापीठ बदललेले पाहण्याचा योग ज्याच्या नशिबी आला, त्याने काळाच्या ओघाविषयी चार शब्द अधिक बोलले तर ते आपण सोसले पाहिजेत. चारच असते तर मीही तक्रार केली नसती.

लहान महाविद्यालयाचे एक वैशिष्ट्य असे की, तेथे मंडळे मोठ्या महाविद्यालयाइतकीच असतात आणि माणसे तेवढी नसतात. वाङ्मय मंडळ, वादविवाद मंडळ, जिमखाना, नियतकालिक, स्नेहसंमेलन, मेस, या सर्वांना चिटणीस आणि सहचिटणीस लागतातच. सबब ज्याला अंधारात उभे राहण्याची मनापासून आवड आहे, त्यालाही कोणीतरी ओढून एखाद्या खुर्चीवर बसवितो. माजी एक टर्मभर मेसचे सेक्रेटरी होते. त्यानंतर उभ्या आयुष्यात त्यांनी दुसऱ्यांच्या हुकुमाबरहुकूम खर्डे केले. परंतु त्या चार महिन्यांत रविवारच्या फीस्टला बासुंदी करावयाची की श्रीखंड, हा निर्णय सर्वस्वी त्यांच्या अखत्यारीतला होता, आणि बासुंदीच्या बाजूने दिलेल्या त्या निकालाची कारणमीमांसा ते अद्याप करीत असतात.

या कारकिर्दीतील सर्वांत गौरवाचा प्रसंग म्हणजे आमटीचा. आचारी एके दिवशी न सांगता गावी निघून गेला, आणि माजींनी धोतराचा काचा मारून स्वतः आमटीला फोडणी दिली. तीत तिखट पडले पावशेर. मुले हाशहुश करीत उठली, एकाने थेट नळाखाली तोंड धरले. फक्त विजापूरकडच्या एका मुलाने ती दोनदा मागून घेतली आणि वर कानडीत विचारले की, आज गोडाची आमटी कोणत्या सणाची? (तो सगळा कानडी मुलूख तेव्हा मुंबई प्रांतातच होता, महाविद्यालयात गोकाक आणि मुगळी यांच्यासारख्या कन्नड साहित्यिकांनी अध्यापन केलेले होते, आणि माजींना आजही ‘ऊट आय्ता?’ एवढे कानडी येते. हुबळीच्या स्टेशनावर अनोळखी हमालालाही ते जेवण झाले का, असे विचारतात.) ही कथा मी प्रथम ऐकली तेव्हा जेवणारी मुले चाळीस होती. काही वर्षांनी ती साठ झाली, आणि गेल्या दिवाळीत एकशेवीस. तिखटाचे माप मात्र पावशेरच कायम राहिल्यामुळे ती आमटी वर्षागणिक सौम्य होत चालली आहे, ही गोष्ट माजींच्या लक्षात आलेली नाही, आणि ती लक्षात आणून देण्याइतका मी निर्दय नाही.

माजींच्या पत्नीने या कथेचा उपयोग घड्याळासारखा करावयास शिकून घेतले आहे. आत स्वयंपाकघरातून आवाज येतो, “अहो, विजापूरवाला जेवला का? जेवला असेल तर पानं घेते.”

प्राध्यापकांविषयी माजी गहिवरून बोलतात. ज्यांच्या तासाला ते प्रॉक्सी लावून हरिपुराकडे कृष्णा-वारणेचा संगम पाहावयास जात, त्यांच्याच व्याख्यानांतील रस त्यांच्या जिभेवर आज अधिक रेंगाळताना दिसतो. मी एकदा विषय कोणता होता म्हणून विचारले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे अरसिकाकडे पाहावे तसे पाहिले. पु. ल. देशपांडे यांनी एम.ए. विलिंग्डनमधूनच केले हे खरे आहे. परंतु त्यांच्याशेजारी बसल्याचे सांगणारे जितके लोक मला आजवर भेटले, त्या सर्वांना सामावून घेणारा बाक करावयाचा तर त्याचे एक टोक विश्रामबागेत आणि दुसरे मिरजेच्या किल्ल्याशी ठेवावे लागेल. माजी तेवढा दावा करीत नाहीत. ते फक्त मागच्या बाकावर होते.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत, देवादिकांच्या तसबिरींहून किंचित वर, एक मोठा ग्रुप-फोटो टांगलेला आहे. पुठ्ठ्यावर चिकटविलेला, कडांनी पिवळा पडलेला. खुर्च्यांवर प्राध्यापक, पायाशी हाताची घडी घालून बसलेली मुले, मागे तीन रांगा उभ्या. शेवटच्या रांगेच्या अगदी उजव्या टोकाला, एका धिप्पाड मुलाच्या कानामागून, अर्धे कपाळ, एक डोळा आणि केसांचा एक झुबका एवढा ऐवज डोकावतो. माजी छत्रीच्या टोकाने तो झुबका दाखवितात आणि म्हणतात, “हा मी.”

अडचण इतकीच की फोटोखाली ‘डावीकडून उजवीकडे’ म्हणून जी नावे छापली आहेत त्यांत माजींचे नाव नाही. ते आहे अगदी तळाला, ‘गैरहजर’ या शब्दापुढे, दुसऱ्या एका नावाच्या जोडीने.

याचा खुलासा माजींपाशी तयार असतो. ते त्या दिवशी सायकलवरून मिरजेस गेले होते, वाटेत पंक्चर झाले, आणि छायाचित्रकाराने काळ्या कापडात डोके घातले नेमक्या त्या क्षणी ते धापा टाकीत मागच्या रांगेच्या टोकाला शिरले; हजेरी आधीच घेऊन झाली होती, नावे छापली ती त्या हजेरीवरून. खुलासा पटण्याजोगा आहे. मला मौज वाटते ती निराळ्याच गोष्टीची. ज्यांनी आपल्या कारकिर्दीत, जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्या शेकडो माणसांच्या अर्जांवर ‘सातबाराच्या उताऱ्यास नाव नाही, सबब नामंजूर’ असा शेरा निर्विकारपणे लिहिला, तेच माजी या एका प्रकरणात दफ्तर बाजूला सारून वहिवाटीचा आधार घेतात.

गेल्या चैत्रात मी त्यांच्याकडे बसलो असता दुसरे गैरहजर आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, उंच, वाकलेले, सांगलीहून आणलेली भडंगाची पुडी त्यांनी वहिनींच्या हाती दिली, माजींच्या पाठीत एक गुद्दा घातला, आणि चपला काढता काढता भिंतीकडे पाहून म्हणाले, “अरे वा! लावलायस की. हा बघ मी, कानामागं.”

खोलीत जी शांतता पसरली, तिचे वर्णन करण्याचे माझ्यात सामर्थ्य नाही.

“तो मी आहे,” माजी म्हणाले.

“तू? तू मिरजेला गेला होतास. पंक्चर झालं म्हणून संध्याकाळी रडत आलास.”

“पंक्चर झालं, पण मी पोचलो. तू कुठं होतास?”

“मी खोलीवर दाढी करत होतो. एक गाल झाला आणि शिट्टी ऐकली. म्हणून तर कानामागं उभा राहिलो.”

फोटो खाली उतरविण्यात आला. वहिनींनी पदराने काच पुसली, पंचांग वाचावयाचे भिंग आले, खिडकी उघडली. भांग डावीकडचा की उजवीकडचा, यावर बराच खल झाला. परंतु दोघांच्याही मस्तकावर आता पुराव्यादाखल एकही केस शिल्लक नसल्यामुळे तो मुद्दा निकालात निघू शकला नाही. अर्ध्या गालावर साबण दिसतो की काय, हे मलाही पाहावयास लावले. मला एक डोळा तेवढा दिसला, आणि तो कोणाचाही असू शकत होता.

भडंग संपत आले तेव्हा पाहुण्यांनी भिंग खाली ठेवले.

“बरं बाबा,” ते म्हणाले, “हा तू. पण माझ्या घरी जो लावलाय ना, त्यातला मी. तिथं येऊन भांडायचं नाही.”

माजींनी क्षणभर विचार केला. मग त्यांनी आतल्या दाराकडे पाहिले, आवाज खाली आणला आणि म्हणाले, “कबूल. फक्त पहिलं वाक्य तेवढं ही चहा घेऊन आली की पुन्हा एकदा म्हण.”