कातडं एक, कागद दोन

आरोग्य विम्याच्या पॉलिसीत मागच्या पानांवर, चष्मा पुसूनही वाचता येऊ नये अशा टायपात, काय मिळणार नाही त्याची यादी असते. कितीतरी पॉलिसींच्या या यादीत वर्षानुवर्षं एक ओळ ठाण मांडून आहे: सुंतेचा खर्च मिळणार नाही, आजारामुळे किंवा अपघातामुळे करावी लागली तरच मिळेल. सर्जन तोच, टेबल तेच, जाणारं कातडंही तेवढंच. फॉर्मवर ‘फायमोसिस’, म्हणजे कातडी मागे न सरण्याचा आजार, लिहिलं की कॅशलेस, ‘खतना’ लिहिलं की खिशातून. यात कंपनीचं चुकत नाही. ती बारशाचे पैसे देत नाही, मुंजीचे देत नाही, मग याचेच का द्यावेत? खरी गंमत फॉर्म भरणाऱ्यांची आहे.

ती कोलकात्याच्या न्यू टाउनात बघायला मिळाली. आमचे एक स्नेही, मूळचे मिरजेचे, तिथल्या अ‍ॅक्शन एरिया टूमध्ये राहतात. पन्नाशी ओलांडलेली, मधुमेह जुना, त्यात बंगालची मिष्टी. डॉक्टरांनी साखर लघवीवाटे बाहेर काढणारी गोळी सुरू केली. रक्तातली साखर उतरली, पण जिथून ती बाहेर पडत होती तिथे बुरशीची चंगळ झाली. खाज, चिरा, मग कातडी मागे सरेना. या गोळ्यांचा हा माहितीतला उपद्रव आहे, आणि गोळी नसली तरी बेफाम मधुमेहात तो होतोच. मलमं झाली, शेवटी युरॉलॉजिस्टने सुंता सांगितली. विम्याच्या खिडकीतल्या मुलीने रिवाजाप्रमाणे विचारलं, “दादा, मेडिकल की रिलीजियस?” एरवी टोटो-रिक्षावाल्याशीही हळू बोलणारे आमचे स्नेही एकदम ओरडले, “मेडिकल! मेडिकल! आडनाव वाचा ना!” सोसायटीच्या लेखी त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं आहे.

त्यांना हसू नये. 1946 च्या कलकत्त्यात, 1947 च्या पंजाबात, 1992-93 च्या मुंबईत माणसाचा धर्म कमरेखाली तपासला गेलाय. 1971 मध्ये सीमेपलीकडे, आजच्या बांगलादेशात, पाकिस्तानी लष्कर लुंग्या सोडायला लावायचं. तिथे हिशेब उलटा, सुंता नसेल तर मेलात. मंटोने याच तपासणीवर दोन-चार ओळींची गोष्ट लिहिली आणि तिच्यात मारणाऱ्याच्या तोंडी शब्द दिला ‘मिश्टेक’. असल्या जमावाला फायमोसिसचा डिस्चार्ज पेपर दाखवून उपयोग नसतो. गंमत म्हणजे अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्रायली, आपले मराठी बोलणारे शनवार तेली, पिढ्यान्‌पिढ्या आठव्या दिवशी मुलाची सुंता करत आले. त्यांच्या सुंतेचं कोकणात कुणाला भय वाटल्याचं ऐकिवात नाही. म्हणजे भय कातडीचं नाहीच.

कातडीचा आरोग्याशी काय संबंध ते बघायला आता पुण्याकडे वळू. पुणेकरांनी जगाला जे दिलं त्याची यादी पुणेकरच सांगतात, पण त्यातली ही एक गोष्ट ते चुकूनही सांगणार नाहीत. पुण्यातल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत येणाऱ्या, एचआयव्हीची लागण नसलेल्या 2298 पुरुषांवर संशोधकांनी काही काळ लक्ष ठेवलं. निष्कर्ष 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला: सुंता झालेल्यांना एचआयव्हीचा धोका बराच कमी, जवळपास एक सप्तमांश. आता तुम्ही म्हणाल, ते मुसलमान असतील, त्यांचं वागणं वेगळं असेल. संशोधकांनाही हे सुचलं होतं. पण वागण्याचा फरक असता तर सिफिलिस, गनोरिया, हर्पीसही कमी दिसले असते. ते तसेच होते. म्हणजे मामला कातडीच्या आतल्या नाजूक अस्तराचा. एचआयव्हीला हव्या त्या पेशी तिथे भरपूर असतात.

पुढे दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडात चिठ्ठ्या टाकून चाचण्या झाल्या आणि बाईकडून पुरुषाला होणारी लागण साधारण 60 टक्क्यांनी घटलेली दिसली. 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली आणि 2019 अखेर आफ्रिकेच्या पूर्व व दक्षिण भागात अडीच कोटींहून अधिक पुरुषांची सुंता झाली, तीही मोफत. आपण काय केलं? काही नाही. आणि माझ्या मते बरोबर केलं, फक्त कारण चुकीचं होतं. ज्या देशात प्रौढांमधली लागण 0.2 टक्क्यांच्या आसपास आहे, तिथे सरसकट पुरुषांच्या रांगा लावण्यात अर्थ नाही. कोलकात्यानेच 1992 पासून दुसरी वाट दाखवली होती: सोनागाछीच्या वेश्यावस्तीत डॉ. स्मरजित जाना यांनी तिथल्या बायकांनाच हाताशी धरलं, आणि गिऱ्हाइकाला कंडोम घालायला लावणं त्या बायकांनी जमवलं. सुंतेने बाईचं थेट रक्षण होत नाही, कंडोमने दोघांचं होतं. हा हिशेब चारचौघांत मांडायला हवा होता. पण ‘सुंता’ म्हटलं की सभेतले अर्धे लोक उठून जाणार आणि उरलेले अर्धे माईक ओढणार, म्हणून कुणी मांडलाच नाही.

उरला प्रश्न लहान मुलांचा. जन्मतः ती कातडी आतून चिकटलेलीच असते, वाढत्या वयात आपोआप सुटते. तो आजार नव्हे. अडलंच तर स्टिरॉइडच्या मलमाने बहुतेकांचं काम भागतं. तरीही ‘बाळाची शूची जागा फुगते’ म्हणून घाबरलेले आईबाप सर्जनकडे धावतात. आणि धर्मासाठी करायची असली तरी घिसाडघाई नको. 2024 च्या जानेवारी-फेब्रुवारीत ढाक्यात सुंतेसाठी नेलेली दोन मुलं भूल दिल्यानंतर दगावली, दोन्ही खासगी ठिकाणी. हजामाचा वस्तरा टाळून दवाखान्यात गेलेले ते लोक होते.

आपल्याकडचा धोका मात्र न्हाणीघरात आहे. तेल जिरवून झालं की बाळाला न्हाऊ घालणारी बाई ‘जागा मोकळी’ करायला रोज कातडी मागे ओढते. त्याने बारीक चिरा पडतात, चिरा भरताना व्रण होतात, आणि नसलेला फायमोसिस खरोखरचा होतो. बालरोगतज्ज्ञ घसा सुकेपर्यंत सांगतात की ओढू नका. पण बाईला सांगणार कोण? तिला आजेसासूबाईंनी लावलेलं असतं.