रविवारचे रोस्टवाले

हा माणूस ओळखायचा तो चिकनच्या दुकानात. शनिवारी संध्याकाळच्या गर्दीत सगळे एका सुरात ‘एक किलो, करी कट, विदाउट स्किन’ म्हणत असतात, आणि मधूनच एक आवाज येतो, ‘अख्खी द्या. साल ठेवा.’ दुकानदाराचा सुरा हवेत थांबतो. साल सोलली की पिसं तिच्याबरोबरच जातात, हा त्याचा वेळ वाचवायचा हिशेब. आता या एका गिऱ्हाइकासाठी गरम पाणी काढा, पिसं उपटा, उरलेली लव जाळावर धरा. मागची रांग सुस्कारे टाकते. आपल्या रोस्टवाल्याला ते ऐकूच येत नाहीत. साल नसेल तर छातीचं मांस कोरडं कसं पडतं, हे तो मागच्या आजोबांना समजावून सांगत असतो. आजोबांना फक्त पाव किलो कलेजी हवी असते.

‘वजन बाराशेच्या वर नको,’ तो पुढे बजावतो. ‘ओव्हन २८ लिटरचा आहे.’

हा ओव्हन त्याचा नाही. तो बायकोने केक आणि नानकटाईसाठी घेतला. त्याच्याबरोबर तिने हळूहळू संसार जमवला: सात इंची ॲल्युमिनियमचा केकचा डबा, पावाचा लांबट साचा, नॉनस्टिकचा काळा ट्रे आणि कोणीतरी वास्तुशांतीला दिलेलं काचेचं पसरट भांडं. यजमान तेव्हा ओट्याकडे फिरकतही नव्हते. एरवी चहाची पावडर कुठल्या डब्यात असते हेही त्यांना विचारावं लागतं. मग एका रात्री त्यांनी कुठलातरी व्हिडिओ पाहिला आणि घराला शेफ मिळाला.

रोस्टवाल्याचं कोंबडीविषयीचं ज्ञान अफाट असतं, हे मान्य केलं पाहिजे. मांसाला तो खमंग तपकिरी रंग कशामुळे येतो, ते मैयार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली मांडलं, हे तो पाहुण्यांना पाणी द्यायच्या आधी सांगतो. शनिवारी रात्री कोंबडीला मीठ चोळून ती उघडीच फ्रिजमध्ये ठेवतो, म्हणजे साल कोरडी होऊन नंतर कुरकुरीत होते. शास्त्र पक्कं आहे. फक्त ती कोंबडी देवाच्या दुधाशेजारी तंगड्या वर करून पडलेली असते, आणि पहाटे आईंनी फ्रिज उघडला की जे शब्द बाहेर पडतात ते मैयारच्या निबंधात नाहीत. त्याच्याकडे मांसात खुपसायचा थर्मामीटर असतो. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, ७४ अंश दिसले पाहिजेत, यावर तो तडजोड करत नाही.

एवढं सगळं ठरल्यावर भांडं मात्र तो हाताला लागेल ते घेतो.

ॲल्युमिनियमचा डबा हाताला लागला तर दही-लिंबाचं मॅरिनेशन त्यातच रात्रभर मुरतं. आंबटाने डब्याला करडे डाग पडतात, कोंबडीला किंचित धातूची चव लागते, आणि तो म्हणतो, ‘स्मोकी झालंय.’ काचेचं भांडं लागलं तर ते २०० अंशांतून काढून सरळ ओट्यावर ठेवायचं, आणि ओटा नुकताच ओल्या फडक्याने पुसलेला. काच उष्णता सोसते, पण अचानक बसलेला गारठा सोसत नाही. फटकन एक आवाज होतो. घरातली सगळी माणसं आपापल्या खोलीतून विचारतात, ‘काय झालं?’ आणि स्वयंपाकघरातून उत्तर येतं, ‘काही नाही, काही नाही.’

पण खरा बळी नॉनस्टिक ट्रेचा. त्यावर पहिला अत्याचार मधाचा. मध अगदी शेवटच्या दहा मिनिटांत लावायचा असतो, कारण साखर तासभर तापली की तिचा कोळसा होतो. आपले बुवा मात्र मध सुरुवातीलाच सढळ हाताने चोपडतात. तो ओघळून ट्रेवर उतरतो, त्यात चरबी ठिबकते, मसाला पडतो आणि ओव्हनच्या वरच्या-खालच्या दोन्ही कांड्या लाल करून गृहस्थ क्रिकेट बघायला जातात. दुसरा अत्याचार टेबलावर. पाहुण्यांसमोर कोंबडी कापण्यात एक रुबाब असतो, तेव्हा ती ट्रेमध्येच कापायची, धारदार सुरीने. सुरी हाडापर्यंत जाते, हाडातून सुटते आणि थेट कोटिंगवर जाते. त्या रेघा पुढे प्रत्येक केकच्या बुडावर उमटतात.

कोणी बोललंच तर बचाव तयार असतो. ‘बेकरीत बघा, पत्रे काळे कुळकुळीत असतात. काळं भांडं उष्णता जास्त ओढतं.’ हे खरंच आहे. दिवाळीत नानकटाई भाजायला लोक बेकरीत जात तेव्हा ते काळे पत्रे सगळ्यांनी पाहिलेत. पण ते वर्षानुवर्षं भट्टीत तापून काळे झालेले असतात, मधाच्या कोळशाने नव्हे. हा फरक त्याला पटत नाही.

जेवणं झाली की तो सिंकपाशी जाऊन ट्रेमध्ये नळ सोडतो आणि म्हणतो, ‘भिजत घातलाय.’ या दोन शब्दांत त्याची जबाबदारी संपते. मग रविवारची रात्र जाते, वर गार चरबीची साय धरते आणि ट्रेचं घोंगडं सोमवारीही भिजतच असतं. कामाच्या मावशी येतात, बोटाच्या टोकाने ट्रे उचलून बघतात आणि जाहीर करतात, ‘वहिनी, याचे वेगळे पैसे पडतील.’ तरीही त्या भल्या बाई तारेची घासणी घेऊन त्यावर तुटून पडतात. कोळसा जातो, कोटिंगही जातं. संध्याकाळी ट्रे पाहून आपला शेफ हळहळतो, ‘मावशींनी वाट लावली बघ.’

त्यानंतरच्या आठवड्यात केकची सगळी भांडी स्वयंपाकघरातून नाहीशी होतात. चौकशी करू नये. ती बेडरूमच्या लोखंडी कपाटात, पैठणीच्या खाली, किल्लीबंद असतात.

रविवारी ओट्यावर त्याच्यासाठी एक जाड स्टीलचं काठाचं ताट ठेवलेलं असतं. त्यात कांद्याच्या चकत्या आणि बटाट्याच्या फोडी पसरलेल्या, त्यावर ओव्हनची जाळी, तळाला वाटीभर पाणी. चरबी खाली पडली तरी जळत नाही, धूर होत नाही. अर्धा वेळ वर सैलसर फॉइल असते. मधाची बाटली सापडत नाही. ती शेवटची दहा मिनिटं उरली की आपोआप सापडते. कोंबडी बाहेर आली की ती लाकडी फळीवर जाते, तिथे दहा-पंधरा मिनिटं विसावते आणि तिथेच कापली जाते. ताट कोमट झालं की त्यात कढत पाणी आणि चमचाभर खायचा सोडा. लोक हात धुऊन उठेपर्यंत ते साध्या घासणीने, दोन हातांत निघतं. या सगळ्यात घरच्या बाई एक अक्षर बोलत नाहीत.

ताट स्वच्छ निघतं हे मात्र रोस्टवाल्याच्या लक्षात येतं. ‘मी टेम्परेचर वीस अंशांनी उतरवलं ना,’ तो पाहुण्यांना सांगतो, ‘सगळा फरक त्याचा.’

पाहुणे ऐकत नसतात. कोंबडीखालचे बटाटे चरबी, लसूण आणि लिंबाचा रस पिऊन, कडेने करपत आलेले असतात, आणि त्यांच्यावर मुलांची मारामारी चाललेली असते. आजवर रोस्टला एकदाही बरं न म्हणालेल्या आई ताट पुढे करतात.

‘बटाटे कोणी केले रे? अजून दोन वाढ.’

‘ते नुसते खाली घालायला असतात, आई. भांडं जळू नये म्हणून.’

‘असेनात का. कोंबडी राहू दे.’

फळीवर निम्मी कोंबडी उरते. तिच्याकडे पाहत रोस्टवाला क्षणभर गप्प बसतो आणि लगेच सावरतो. पुढच्या रविवारी बदक करायचं, तो मनाशी ठरवतो. बदकाला कोंबडीपेक्षा पुष्कळ जास्त चरबी सुटते, हे त्याने वाचलेलं असतं. घरात ते अजून कोणाला सांगितलेलं नसतं.