भागाकारराव

नवी मुंबईतल्या करावे गावच्या बाजारात सकाळी नवाच्या सुमाराला एखादे गृहस्थ हातात शहाळं धरून, डोळे किंचित मिटून, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटताना दिसले, तर ते रामरक्षा म्हणताहेत असा समज करून घेऊ नये. ते भागाकार करताहेत. सत्तर रुपये भागिले डॉलरचा आजचा भाव. उत्तर ऐंशी सेंटांच्या आसपास आलं की त्यांच्या चेहऱ्यावर जी तृप्ती पसरते ती शहाळ्याच्या पाण्याची नव्हे. स्ट्रॉ अजून कागदातच असते. यांना आपण भागाकारराव म्हणू. हे कोणी एक गृहस्थ नव्हेत, ही जमात आहे. वीस-पंचवीस वर्षं परदेशात काढायची, मुलांना तिकडेच मार्गी लावायचं आणि साठी उलटल्यावर नवरा-बायकोने परतायचं. लहानपणीचं दादर-गिरगाव डॉलरलाही दाद देत नाही, म्हणून खाडी ओलांडायची. हा परिसर त्यांना मानवतो. पामबीच रस्त्याच्या खाडीकडच्या अंगाला जहाजांवरचे अधिकारी घडवणारी टी. एस. चाणक्य ही संस्था, लगतच्या पाणथळीत थंडीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत फ्लेमिंगो, जवळच सिडकोचं एनआरआय कॉम्प्लेक्स, अलीकडे सीवूड्स स्टेशनाच्या डोक्यावर बसलेला मॉल. लांबचे पाहुणे दरवर्षी बिनबोभाट परत येतात, ही गोष्ट भागाकाररावांना जागेच्या प्रमाणपत्रासारखी वाटते.

भागाकारराव पूर्वाश्रमीचे गुणाकारराव. ते देश सोडून गेले तो काळच तसा होता. १९६६ च्या अवमूल्यनाने ४.७६ रुपयांचा डॉलर ७.५० वर गेलेला वडीलमंडळींच्या लक्षात होता, आणि १९९१ च्या जुलैत तर सरकारने तीन दिवसांत दोनदा रुपया उतरवला. अशा हवेत विमानात बसलेला माणूस तिकडे उतरल्यावर कॉफीच्या पेल्याला विनिमयदराने गुणणार नाही तर काय करणार? पहिलं वर्षभर गुणाकारराव बाहेरची कॉफी प्यायले नाहीत, केस बायकोकडून कापून घेतले, दोन स्टॉप चालत गेले. पुढे पगार अंगवळणी पडला आणि गुणाकार सुटला. परतल्यावर तीच खोड उलटी फिरून आली. या जमातीची एक आखाती शाखाही आहे. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला असल्यामुळे दोन्ही शाखांचं सुखदुःख एकच. रुपया घसरल्याची बातमी आली की अर्थमंत्र्यांच्या कपाळाला आठ्या पडतात आणि या घरांत संध्याकाळी शिरा होतो.

भागाकाररावांची तुलना नीट ऐकली तर तिच्यातली यादी ठरलेली आहे हे लवकर ध्यानात येतं. कटिंग दीडशे रुपये, म्हणजे पावणेदोन डॉलर. तिकडे तीस, वर टिप. इस्त्री, रिक्षा, गळका नळ दुरुस्त करणारा प्लंबर, घरी येऊन गुडघा चोळून देणारा फिजिओथेरपिस्ट. पेट्रोल मात्र या यादीत कधी येत नाही. इथे ते लिटरला शंभराच्या वर; अमेरिकेत गॅलनला सव्वातीन डॉलर धरले तर लिटर पाऊणशेच्या घरात पडतो. आयफोनही येत नाही. तो मुलाला तिकडून आणायला सांगितलेला असतो. फ्लॅटची किंमत तर निघतच नाही, तो विषय वहिनींसमोर काढायचा नसतो. याला लबाडी म्हणण्याचं कारण नाही, यामागे शास्त्र आहे. १९६४ साली बेला बलासा आणि पॉल सॅम्युएलसन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ते स्वतंत्रपणे मांडलं. जी वस्तू जहाजात घालून देशोदेशी नेता येते तिचा भाव सगळीकडे जवळपास येऊ पाहतो. पण केस कापणं जहाजात भरता येत नाही. न्हावी इथलाच लागतो आणि त्याची मजुरी इथल्या मजुरीवरून ठरते, म्हणून कमी मिळकतीच्या देशात सेवा स्वस्त. आता यादी पुन्हा तपासा. तिच्यात वस्तू जवळजवळ नाहीतच, सगळी माणसं आहेत. शहाळ्याच्या भावातही ते वाहून आणणाऱ्याची आणि कोयत्याने सोलून देणाऱ्याची मजुरी असतेच. तेव्हा ‘करावे स्वस्त आहे’ या सिद्धांताचा उलगडा असा की इथे माणसांचे कष्ट स्वस्तात मिळतात. गावाच्या अंगी तो गुण नाही. दोन मिळकतींतलं ते अंतर आहे.

कोणी म्हणेल, स्वस्ताई कुठून का येईना, खिशात चार पैसे उरतात ना? इथे हिशेब शिकवायला परदेशी संस्था नको, मुंबईच पुरे. मुंबई सरकारने १९२१ साली कामगार कार्यालय काढलं आणि जुलै १९१४ चे भाव १०० धरून गिरणगावातल्या संसाराचा निर्देशांक दर महिन्याला काढायला सुरुवात केली. त्या लोकांना एक गोष्ट पक्की कळली होती: भावांची यादी केली म्हणजे राहणीमानाचा खर्च निघत नाही. आधी पाहायचं की एकूण खर्चातले किती धान्याला जातात, किती खोलीभाड्याला, किती जळणाला. मग त्या त्या प्रमाणात प्रत्येक भावाला वजन द्यायचं. भागाकाररावांच्या हिशेबात वजन ही चीजच नाही. महिन्यातून एकदा होणारी कटिंग आणि वर्षभर भरावा लागणारा सोसायटीचा मेंटेनन्स एकाच पारड्यात. त्याहून गमतीचं पुढेच आहे. तिकडे भांडी कोण घासायचं? भागाकारराव. हिरवळ कोण कापायचं? भागाकारराव. गाडी कोण चालवायचं, कपड्यांना इस्त्री कोण करायचं? वहिनी आणि भागाकारराव, आळीपाळीने. या सगळ्याचा तिकडचा खर्च शून्य डॉलर. इकडे पोळ्यांना एक बाई, धुणीभांड्यांना दुसरी, गाडी धुवायला मुलगा, पामबीचवर फिरवायला ड्रायव्हर. म्हणजे शून्यावर होता तो खर्च महिन्याला पंधरा-वीस हजारांवर गेला, आणि भागाकारराव त्याला बचत म्हणतात! तिकडच्या ज्या दराशी ते तुलना करतात तो दर त्यांनी उभ्या जन्मात दिलेला नसतो. न केलेल्या खर्चातून झालेली बचत हे अर्थशास्त्राला त्यांनी दिलेलं योगदान आहे.

अर्थात त्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखं पुष्कळ आहे. औषधपाण्याचा मुद्दा त्यांनी काढला तर मुकाट्याने मान्य करावा. अमेरिकेतलं इस्पितळाचं बिल पाहिलेल्या माणसाशी त्या बाबतीत वाद घालू नये. त्यांचं पेन्शन खरोखर डॉलरमध्ये येतं, तेव्हा त्यांना स्वतःला हे गाव खरोखर स्वस्त पडतं, हेही कबूल. चूक होते ती पुढच्या वाक्यात, ‘मग इथल्या लोकांना महागाई महागाई म्हणून ओरडायला काय झालंय?’ हे विचारताना. स्वस्ताई फुकट उगवत नाही, कोणीतरी तिची किंमत आधीच मोजलेली असते. पोळीवाल्या बाई इतक्या कमी पैशांत का परवडतात? कारण त्या मानखुर्दहून किंवा पनवेलहून येत नाहीत, गावठाणातल्या खोलीत राहतात आणि चालत येतात. खोली का परवडते? कारण गावकऱ्यांनी राहत्या घरांवर मजले चढवून खोल्या काढल्या. मजले का चढवले? कारण भाताची शेतं आणि मिठागरं गेली. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या, त्यांत करावेही होतं. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण-जासईकडे आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. गावठाणातली वाढीव घरं ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ या सरकारी नावाने वर्षानुवर्षं नियमित होण्याची वाट पाहत राहिली. भागाकाररावांच्या ताटातली गरम पोळी एवढ्या लांबून आलेली असते. डॉलरने भागताना हा सगळा इतिहास बाकीत उरतो, आणि बाकी लिहायची सवय त्यांना नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. भागाकारराव आले नसते तर या बायांना, ड्रायव्हरना काम कुठून मिळालं असतं? बरोबर आहे. शिवाय ते मनाने वाईट नाहीत. दिवाळीला साडी देतात, बाईंच्या मुलीला जुना लॅपटॉप देतात, कागदपत्रांत अडलं तर अर्ज लिहून देतात. पण पगारवाढीचा विषय निघाला की पाहण्यासारखी गंमत होते. “काका, या महिन्यापासून दोनशे वाढवा ना,” असं बाई म्हणाल्या, की सकाळपासून डॉलरमध्ये वावरणारे काका एका क्षणात रुपयावर उतरतात. दोनशे रुपये म्हणजे सव्वादोन डॉलर, हा भागाकार त्या घटकेला त्यांना सुचत नाही. ते विचारतात, “सोसायटीत रेट काय चाललाय?” घेताना न्यूयॉर्क, देताना करावे. मासळीबाजारात उलट घडतं. पापलेटच्या जोडीचे बाराशे ऐकून ते आधी साडेतेरा डॉलर म्हणून खूश होतात, मग शेजारचं गिऱ्हाईक हजारात सौदा करताना पाहून त्यांच्यातला मराठी माणूस जागा होतो, आणि ते नऊशेपासून सुरुवात करतात. मासे विकणारीला विनिमयदराशी कर्तव्य नसतं. “काका, घ्यायचं तं घ्या, नायतं हवा येऊ द्या,” एवढ्यात ती दोन्ही चलनांचा निकाल लावते. यावरून दिसतं की भागाकार हे त्यांचं तत्त्व नसून सोय आहे. जिथे आपण भाग्यवान ठरतो तिथे तो करायचा, जिथे देणं वाढतं तिथे थांबवायचा.

तरीही त्यांनी भागाकार सोडावा असं मी म्हणणार नाही. साठीनंतर बुद्धीला चालना देणारं काहीतरी हवंच, आणि शब्दकोडी सगळ्यांनाच आवडतात असं नाही. फक्त भाजक बदलून पाहावा. मर्सरसारख्या कंपन्या जगातल्या शहरांची महागाई मोजताना न्यूयॉर्क हा पाया धरतात; आपणही तोच धरू, पण डॉलरऐवजी तासांत मोजू. न्यूयॉर्क शहरात २०२५ साली किमान वेतन तासाला साडेसोळा डॉलर होतं. तिथे चांगला मासा पंचवीस-तीस डॉलरला मिळाला, तर सगळ्यांत कमी पगाराचा माणूस दीड-पावणेदोन तासांच्या कमाईत तो घरी नेतो. इकडे एका घरची भांडी घासण्याचे महिन्याला बाराशे धरले, तर पापलेटची जोडी म्हणजे महिनाभराची भांडी, रोज सकाळ. त्या हिशेबाने करावे न्यूयॉर्कहून कितीतरी महाग ठरतं, आणि हा हिशेब बाईंना कोणी शिकवावा लागत नाही. त्या पापलेटवाल्या टोपलीकडे न बघता पुढे जाऊन मांदेली घेतात. भागाकाररावांनी महिन्यातून एक दिवस हा भाजक वापरला तरी पुष्कळ झालं. त्यांच्या स्वतःच्या खर्चात त्याने एका पैशाचाही फरक पडणार नाही. पडलाच तर दोनशे रुपयांचा पडेल, आणि ते सव्वादोन डॉलरच आहेत.