पेशवाईत चेक-इन

पुण्याच्या पेठेतला वाडा पडायला फारसं काही लागत नाही. सात-आठ वारसदार, त्यातले दोन परदेशात आणि एक कोर्टात. आजोबांच्या काळातल्या भाड्यावर ठाण मांडून बसलेले भाडेकरू. आणि एखादा दमदार पावसाळा. पण वाडा पडून गेल्यावर त्याच जागी 'वाड्याचा अनुभव' उभारायचा म्हटलं, की आर्किटेक्ट लागतो, इंटीरियरवाला लागतो आणि दारात गुलाबपाणी शिंपडायला नऊवारीतली मुलगी लागते. असं एक चकाचक हॉटेल दगडूशेठच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर झालंय. नाव सांगत नाही. सांगितलं तर फुकट जाहिरात व्हायची.

न्यू जर्सीहून आलेल्या आमच्या भाच्याला उतरायचं होतं ते तिथेच. आमच्या घरी दोन खोल्या मोकळ्या असताना! "मामा, मला अस्सल जुनं पुणं अनुभवायचंय," म्हणाला आणि सोबतीला मलाही ओढून घेऊन गेला. त्याच्या वडिलांकडचा सदाशिवातला वाडा पाडायला निघाला, तेव्हा मुखत्यारपत्र पाठवणारांत हा पहिला होता, आणि कुरियरचे पैसेही त्याने हिशेबात धरले होते. पण पाहुण्याला असलं काही बोलू नये.

लॉबीत शिरल्या शिरल्या एक सागवानी खांब दिसतो. खाली दगडी तळखडा, वर केळफुलाची नक्षी, भोवती मखमली दोर आणि डोक्यावर दिव्याचा झोत. जरा मान वर करून पाहिलं तर खांब छतापर्यंत पोहोचतच नाही. वीतभर अलीकडेच थांबलाय. त्याच्यावर कसलाच भार नाही. पिढ्यान्‌पिढ्या माडी पेलून दमल्यावर मिळालेली ही निवृत्ती म्हणायची. "जुन्या बाजारातून आणलाय," बेलबॉय हळूच म्हणाला. रविवारी नाहीतर बुधवारी गेलं तर अजून मिळतात, हेही त्याने सांगून टाकलं.

काउंटरच्या मागे चौकटीत एक पाटी लावली आहे : 'कृपया चौकशी करू नये.' पुणेरीपणा म्हणून मुद्दाम छापून घेतलीय. पुढच्या अर्ध्या तासात तिची सत्यता पटली. आमच्या बुकिंगबद्दल काउंटरवर कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

खोल्यांना पेशव्यांची नावं आहेत. बाजीराव डिलक्स, माधवराव प्रीमियम, मीटिंगच्या हॉलला 'बारभाई'. हे शेवटचं बाकी अचूक. तिथे बारा माणसं बसतात आणि खरा निर्णय भलतीकडेच होतो. नारायणरावांच्या नावाची खोली नाही. १७७३ साल लक्षात घेता पाहुण्यांच्या सुरक्षेच्या दृष्टीने तेच बरं. स्पालाही आनंदीबाईंचं नाव दिलेलं नाही, तेवढा इतिहास कुणीतरी वाचलेला दिसतो.

या सगळ्या डामडौलात कामाचा माणूस एकच : गाड्या लावणारा पोरगा. पेठेतलं पार्किंग तारखेवर चालतं. विषम तारखेला रस्त्याची एक बाजू, सम तारखेला दुसरी. हॉटेलच्या तळघरात गाड्यांना जागा होती म्हणे, पण तिथे आता 'भुयार' नावाचा कॅफे आहे. त्यामुळे हा पोरगा खिशात वही ठेवतो, आणि रात्री बाराच्या ठोक्याला पाहुण्यांच्या गाड्या या काठावरून त्या काठावर नेतो. त्याला सणवार विचारा, सांगता येणार नाहीत. तारीख मात्र झोपेतही बिनचूक सांगेल. महिन्याच्या ३१ तारखेवर त्याचा फार जीव. दुसऱ्या दिवशी १ तारीख, तीही विषमच, म्हणजे एक रात्र निवांत झोप.

न्हाणीघरात छतातून पाऊस पडावा असा शॉवर आणि शेजारी कार्ड : 'पाणी अनमोल आहे, टॉवेल दोनदा वापरा.' पहाटे साडेपाचला गल्लीत टँकर घरघरतो, तेच हे अनमोल पाणी. याच शहरात अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या बांधीव नळाने पाणी आणलं होतं. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार. ते ठिकठिकाणच्या हौदांत पडायचं. काळा हौद, बदामी हौद ही नावं पुण्यात अजून आहेत. हॉटेलमध्ये त्या नळाचा सुंदर फोटो आहे. टँकरची पावती दाखवायची पद्धत नाही.

पण खरी कमाल खिडकीची. काच इतकी जाड, की खाली हॉर्न, हातगाड्या आणि तुळशीबागेतून परतणाऱ्या बायकांची सगळी घासाघीस आवाज बंद केलेल्या टीव्हीसारखी चाललेली दिसते. देवळातली आरती दिसते, ऐकू येत नाही. मग लॉबीतल्या स्पीकरवरून देवळातल्या घंटेचं रेकॉर्डिंग लावतात, मधूनमधून वासुदेवाच्या चिपळ्या. भाचा डोळे मिटून म्हणाला, "मामा, किती शांत आहे ना पुणं!"

अनंत चतुर्दशीला रस्त्याकडच्या खोल्यांचा दर चौपट, आणि निदान दोन रात्री घ्याव्याच लागतात. यात मात्र लबाडी नाही, आपली मिरवणूक एका दिवसात आटोपतेय कुठे! उशीवर पितळी पंचपात्रात कानात घालायचे बोळे ठेवलेले असतात. बघण्याचे पैसे, न ऐकण्याची सोय मोफत.

सकाळी काउंटरवरच्या मुलाने 'हेरिटेज नकाशा' हातात दिला. शनिवारवाडा आहे : १७३० साली पाया घातला, १८२८ च्या आगीत जळाला, हे बरोबर छापलंय. लाल महाल आहे, विश्रामबागवाडा आहे, मंडई तर सोनेरी शाईत. १८८६ ची ती इमारत बांधायच्या खर्चाला नगरपालिकेत ज्या जोतीराव फुल्यांनी विरोध केला, त्यांचंच नाव आज तिच्यावर आहे. ही गंमत नकाशावाल्यांपर्यंत पोहोचलेली नाही. बुधवार पेठेतल्या ज्या गल्ल्यांत बायका दारात उभ्या असतात, तिथे एक डेरेदार हिरवं झाड काढलंय. इतकी सावली त्या पेठेत कधी कुणी पाहिली नसेल.

आणि भिडेवाडा? तो कुठेच नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली जिथे मुलींची शाळा काढली, ती जागा दगडूशेठच्या देवळासमोर आहे. खोलीची खिडकी उघडत असती तर तिथून दाखवता आली असती. मोडकळीला आलेली ती वास्तू २०२३ च्या डिसेंबरात, कोर्टकज्जे संपल्यावर, स्मारकासाठी पाडली. मी विचारलं तर मुलगा अदबीने म्हणाला, "सर, तो आमच्या लिस्टमध्ये नाही. तिथे पाहण्यासारखं काही शिल्लक नाहीये ना!" शनिवारवाड्याचं तरी तटाच्या आत काय शिल्लक आहे, जोत्यांशिवाय? पण जोती पेशव्यांची असली की हेरिटेज होतात, एवढं मला त्या नकाशावरून कळलं.

तेव्हा वाचकहो, त्या हॉटेलात खुशाल उतरा, गाद्या मऊ आहेत. नकाशा मात्र तिथला घेऊ नका. २०२४ पासून मेट्रो थेट मंडईच्या पोटात जाते. तिथे वर या आणि पहिला जो पुणेकर भेटेल त्याला भिडेवाड्याचा पत्ता विचारा. तो आधी तुम्ही चुकीच्या दाराने बाहेर आलात हे ऐकवेल. मग पत्ता सांगेल, आणि तो बरोबर असेल.