वसुलीचा वाघ

पेंचच्या सिल्लारी गेटवर पहाटे जिप्सीत चढणाऱ्या सहा जणांत एक वसुलीदार हमखास असतो. अंगावर झाडीत मिसळून जाणारे कपडे आणि त्यावर दूरच्या सांबरालाही वर्दी जाईल असे अत्तर. जिप्सीचे भाडे, गाइडची फी, प्रवेश शुल्क, रिसॉर्टचे दोन दिवस ही बेरीज त्याने नागपूर सोडतानाच केलेली असते. तिला आता वाघांच्या संख्येने भागायचे, म्हणजे एक वाघ केवढ्याला पडला ते कळेल. वाघ शून्य निघाले तर भागाकारच होत नाही, आणि मग तो गाइडवर चिडतो. ‘भाऊ, दिसन ना नक्की?’ हा प्रश्न गेटपासून पहिल्या वळणापर्यंत तीनदा येतो. त्याची चूक पैशांचा हिशेब मांडण्यात नाही, पैसे कुणाला कडू असतात? चूक अशी, की वाघाचा पत्ता ज्या खात्यांत लिहिलेला असतो तीच तो वहीतून खोडून टाकतो.

चितळांचा पहिला कळप दिसला की फोटो, दुसऱ्याला मान हलवणे आणि तिसऱ्याला ‘चला, पुढे चला.’ एका वाघाला वर्षाला चितळाएवढी साधारण पन्नास जनावरे लागतात. म्हणजे वसुलीदार ज्याला नुसतेच हरिण म्हणून ओलांडतो, ते वाघाचे पुढच्या आठवड्याचे जेवण असते. शिवाय त्या जेवणाला तोंडही असते. चितळ पाचोळा वाजला तरी ओरडते, त्याची साक्ष कच्ची. झाडाच्या शेंड्यावरून वानर खोकल्यासारखे खाकरले तर बरी. सांबर मात्र उगाच बोलत नाही. ते एका जागी पाय आपटत ‘ढँक, ढँक’ करू लागले, की गाइड काही न बोलता बोट वर करतो आणि ड्रायव्हर इंजिन बंद करतो. सफारीतली सगळ्यात मोलाची मिनिटे हीच. नेमके तेव्हाच मागच्या सीटवर वेफर्सचे पाकीट फुटते आणि वसुलीदार घड्याळ पाहत विचारतो, ‘थांबलो कशाला? टाइम चाललाय ना!’ समोरून येणाऱ्या जिप्सीला ‘साइटिंग झालं का?’ असे ओरडून विचारणाराही तोच.

यावर कुणी म्हणेल, वाघच नसता तर पेंचला आले असते कोण? बरोबर आहे. वाघामुळे माणसे येतात, माणसांमुळे सिल्लारीच्या आसपासच्या पोरांना गाइडचे काम मिळते. वसुलीदाराची नोटही खरी असते आणि ती नाकारण्याचा शहाणपणा कुणी करू नये. पण ग्राहक म्हणून तरी त्याने मालाची अट वाचावी. व्याघ्र प्राधिकरणाच्या 2012च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गाभा क्षेत्राच्या जास्तीत जास्त वीस टक्के भागातच पर्यटन चालते. म्हणजे किमान चार-पंचमांश गाभ्यात वाघाला कुणाचीही जिप्सी न बघता लोळायची सोय सरकारनेच करून दिली आहे. उन्हाळ्यात पेंच नदी आटून नुसते डोह उरतात, तेव्हा पाण्यावर बसलेल्याला दर्शनाची आशा जास्त. पण त्यासाठी बसावे लागते, आणि बसायचे तर घरचा सोफा काय वाईट, असे वसुलीदाराचे मत आहे.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे: माणूस वर्षातून एकदा येतो, त्याने काय ऐन आणि मोह ओळखत बसायचे? नको ओळखू दे. पण काहीच पदरात पडले नाही, ही तक्रार निदान नागपूरकराने तरी करू नये. याच जंगलातून वाहणारी पेंच तोतलाडोहला अडवली आहे, आणि नागपूर पिते त्यातले बरेचसे पाणी तिचेच. वसुलीदार घरी पोचून त्याच पाण्याने तोंडावरची धूळ धुतो आणि बायकोला सांगतो, पैसे पाण्यात गेले. पुढच्या हंगामाचे बुकिंग मात्र त्याने परतीच्या गाडीतच केलेले असते; या खेपेला खुर्सापार गेटचे, कारण तिकडचे वाघ म्हणे जरा माणसाळलेले आहेत.