स्वतःच्याच घराचे भाडेकरू

पुणे महापालिकेच्या हिशेबात मी माझ्याच घरात भाड्याने राहतो. हे त्राग्याने म्हणत नाही, मिळकतकराची रीतच तशी आहे. माझे घर भाड्याने गेले असते तर महिन्याला किती आले असते, हे पालिका ठरवते. त्याला बाराने गुणते, देखभाल-दुरुस्तीचे दहा टक्के सोडते आणि उरलेल्या आकड्याला वार्षिक करपात्र रक्कम म्हणते. मग त्या रकमेवर सर्वसाधारण कर, सफाईपट्टी, अग्निशामक कर, वृक्ष कर, जललाभ कर, मलनिस्सारण लाभ कर, पथकर, शिक्षण कर अशी सगळी पंगत बसते. भाडे मी कोणाला देत नाही, मला कोणी देत नाही. न झालेल्या या व्यवहारावरचा कर मात्र खराखुरा असतो.

यात पुणेकरांची एक जुनी सोय होती. १९७० साली पालिकेने ठराव केला, की जो स्वतःच्या घरात स्वतः राहतो त्याच्या काल्पनिक भाड्यात ४० टक्के सूट. म्हणजे समजा माझे भाडे पालिकेने महिना ३,००० धरले, तर वर्षाचे ३६,००० आणि दहा टक्के वजा जाता करपात्र रक्कम ३२,४००. सूट मिळाली की भाडे १,८०० आणि रक्कम १९,४४०. स्वतःलाच भाड्याने ठेवायचे तर स्वस्तात ठेवावे, एवढा साधा विचार त्यात होता. अनेक वर्षे तो कोणाला खटकला नाही. पुढे लेखापरीक्षकांना खटकला. २०१८ मध्ये राज्य सरकारने ठराव मोडीत काढला, २०१९ पासून नव्या मिळकतींची सवलत गेली आणि २०२३ मध्ये त्याच राज्याच्या मंत्रिमंडळाने ती पुन्हा दिली.

दिली म्हणजे अर्ज भरून घ्यायची. अर्जाचे नाव पीटी-३, शुल्क २५ रुपये, मुदत त्या वर्षीच्या १५ नोव्हेंबरची, नंतर वाढवलेली. सोबत सोसायटीचे पत्र आणि मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, गॅस कार्ड, रेशनकार्ड यांतले काहीतरी. ज्या घराचे बिल माझ्या नावाने माझ्या पत्त्यावर येते आणि मी ते घरात बसून उघडतो, त्या घरात मी राहतो हे मी सिद्ध करायचे. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्या दिवसांत पत्रांचा गठ्ठाच छापून घेतला होता. माझ्या पत्रावर सही करताना त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "राहता ना हो इथेच?" आम्ही एकाच मजल्यावर राहतो.

आम्हा धायरीकरांचे प्रकरण याहून एक पायरी पुढचे आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावे पालिकेत घेतली, त्यात आम्ही आहोत. सरकारी यादीत आमची नोंद 'धायरी (उर्वरित)' अशी आहे. काही धायरी आधीच शहरात गेली होती, आम्ही उरलो होतो. आता नव्याने आलेल्या गावावर एकदम शहराचा कर लादू नये, अशी कायद्यात दया आहे. पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीच्या दराने, मग दरवर्षी २० टक्क्यांनी चढत पाच वर्षांत पूर्ण दर. करासाठी इतका विचारपूर्वक जिना बांधला. पाणी, ड्रेनेज, रस्ते आणि दिवे पाच वर्षांत २०-२० टक्क्यांनी कसे चढतील, याचा जिना बांधायचा राहून गेला.

कर द्यायचा तर प्रतिनिधी हवा, म्हणून २०१९ मध्ये या अकरा गावांना मिळून दोन नगरसेवक दिले. एकच प्रभाग. धायरी शहराच्या नैर्ऋत्येला, लोहगाव ईशान्येला, विमानतळापाशी. आपल्या प्रभागातून एक चक्कर मारायची म्हटली की नगरसेवकाला अख्ख्या पुण्याला प्रदक्षिणा घालावी लागे. मार्च २०२२ मध्ये सगळ्याच नगरसेवकांची मुदत संपली, मग तोही त्रास वाचला.

यानंतरचा काळ अंदाजपत्रकाच्या अभ्यासकांसाठी सोन्याचा होता. एरवी कायद्याची रीत अशी, की आयुक्तांनी अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवायचे, स्थायीने मुख्य सभेकडे न्यायचे आणि २० फेब्रुवारीपर्यंत करांचे दर ठरवायचे. प्रत्यक्षात आयुक्तांनी करवाढ सुचवायची, स्थायीने ती बाणेदारपणे फेटाळायची, मग कर न वाढवता जमेची बाजू कागदावर वाढवायची आणि त्या वाढीतून 'स' यादीत नगरसेवकांची कामे बसवायची. बाकडी, कापडी पिशव्या, कचऱ्याच्या बादल्या आणि चौकाचौकांतले नामफलक यांची पैदास याच यादीतून होते. वर्षाच्या मध्यावर पैसे अडले की 'वर्गीकरण' करायचे. म्हणजे एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाला. पहिले काम नाराज होत नाही, ते पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात पुन्हा हजर असते.

नगरसेवक गेल्यावर आयुक्तच प्रशासक झाले आणि त्या राजवटीत ही सगळी धावपळ मिटली. आयुक्तांनी आयुक्तांपुढे अंदाजपत्रक मांडले, आयुक्तांनी स्थायी समिती म्हणून त्यावर विचार केला आणि मुख्य सभा म्हणून मंजुरी दिली. सभात्याग नाही, पाणी पेटल्याचे भाषण नाही, माठ फोडणे नाही. २०२३-२४ चा आकडा ९,५१५ कोटी, २०२४-२५ चा ११,६०१ कोटी, २०२५-२६ चा १२,६१८ कोटी. करवाढ नाही, हे दरवेळी ठळक अक्षरांत. आमच्या इमारतीतले अण्णा मूळचे इथलेच, ग्रामपंचायतीच्या काळातले. ते पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "पंचायतीकडे एवढं नव्हतं. पण घरपट्टी कशाला घेतली ते सरपंचाला पारावर गाठून विचारता यायचं. आता बारा हजार कोटींना कुठं गाठू?"

पाण्याचे मात्र कोणी म्हणू नये की नियोजन नव्हते. चोवीस तास समान पाणीपुरवठ्यासाठी पालिकेने जून २०१७ मध्ये २०० कोटींचे कर्जरोखे काढले, व्याज ७.५९ टक्के, मुंबई शेअर बाजारात नोंदणीही झाली. आम्ही पालिकेत आलो चार महिन्यांनी. वर्गाची हजेरी घेऊन झाल्यावर उगवलेल्या पोरासारखी आमची अवस्था झाली: बाक नाही, पुस्तक नाही, फी तेवढी चालू. वाईट वाटते ते भूगोलाचे. खडकवासला धरण सिंहगड रस्त्यावर आमच्या पलीकडे. शहराचे मोठे जलशुद्धीकरण केंद्र वडगावला, म्हणजे शेजारी. तिथले पाणी आम्हाला वळसा घालून कात्रज-कोंढव्याच्या बाजूला जाते. आमच्याकडे टँकर येतो.

टँकर आला की वॉचमन खालून हाक मारतो. जाड, ठिगळ लावलेला पाईप टाकीच्या तोंडात घालायचा असतो, तो सांध्यापाशी गळत असतो आणि ड्रायव्हर मोबाइलवरून डोळे न काढता सांगतो, "काका, तेवढा पाईप धरा जरा." मी धरतो. चपला भिजतात. टँकरचे पैसे सोसायटीच्या मेंटेनन्समधून जातात आणि जललाभ कर पालिकेच्या बिलातून. लाभ बहुधा पाईप धरण्यात आहे.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या किरकटवाडी, नांदेड, धायरी या पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडू लागले आणि संशय पाण्यावर आला. तेव्हा आमच्या गल्ल्यांत अधिकारी, पथके, कॅमेरे सगळे आले. खासगी आरओ प्रकल्प आणि टँकर भरण्याची ठिकाणे तपासली गेली, काही बंद झाली. नागरिकांना सूचना मिळाली की पाणी उकळून प्यावे. धायरी नकाशावर नेमकी कुठे आहे, हे शहराला कळायला माणसे आजारी पडावी लागली. पाणी उकळायचा गॅस अर्थातच ज्याचा त्याचा.

वसुलीच्या बाबतीत पालिका आजारी पडल्याचे ऐकिवात नाही. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती. मोठ्या थकबाकीदारांच्या दारात बँडबाजा. वेळेत भरणाऱ्यांसाठी २०२३ मध्ये चक्क लॉटरी होती, मोटारी, दुचाकी, लॅपटॉप, मोबाइल अशी बक्षिसे. अनधिकृत ठरलेल्या बांधकामाला तिप्पट कर. गावे वैतागून ओरडू लागली, तेव्हा २०२४ मध्ये सरकारने समाविष्ट गावांतल्या थकबाकीच्या वसुलीला स्थगिती दिली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची यांनी तर बाडबिस्तरा आवरून वेगळी नगरपरिषदच मिळवली. आम्हाला तेही जमले नाही, आम्ही सिंहगड रस्त्यावरच्या कोंडीत होतो.

तक्रार कराच्या रकमेबद्दल नाही. कर द्यावा, शहर फुकटात चालत नाही. तक्रार पुराव्याबद्दल आहे. मी माझ्या घरात राहतो याचा पुरावा मी दिला. आता पालिकेनेही एक अर्ज भरावा. जललाभ कर घेतलेल्या घरात किती मिनिटे पाणी आले, मलनिस्सारण लाभ कर घेतलेल्या गल्लीत ड्रेनेजची वाहिनी आहे का, पथकराचा रस्ता शेवटचा कधी झाला आणि कधी खणला, गेल्या वर्षी धायरीच्या कोणत्या कामाचे वर्गीकरण होऊन पैसे कुठे गेले. चार रकाने पुरेत. सोबत सोसायटीचे पत्र जोडावे, आमचे सेक्रेटरी सही करायला तयार आहेत. मुदत १५ नोव्हेंबर, वाढवून मिळणार नाही. पुरावा आला नाही, तर बिलात ४० टक्के सूट. २५ रुपये शुल्क आम्ही वर्गणी काढून भरू.